देवमाशाची ओळख तोंडावरून

कोकणात कुठे देवमासा किनाऱ्याला लागला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत दोन आकडे हमखास असतात. लांबी फुटांत, वजन टनांत. जात बहुतेक वेळा अंदाजाने लिहिलेली असते आणि तो अंदाजही ठरलेला असतो: ब्लू व्हेल. एवढं मोठं धूड म्हणजे दुसरं काय असणार! मला हे दर वेळी खटकतं. देवमाशाविषयी त्याचा आकार फार थोडं सांगतो. देवमासे, डॉल्फिन आणि डॉल्फिनसारखेच दिसणारे पॉरपॉइज धरून आज जगात नव्वदच्या आसपास जाती आहेत. त्या एकमेकींपासून इतक्या वेगळ्या कशा झाल्या हे समजून घ्यायचं तर सरळ त्यांच्या तोंडाकडे पाहावं. हा प्राणी काय खातो, कुठे खातो आणि कसा खातो हे एकदा कळलं की डोकं असं का, गळ्यावर घड्या का, पाठीवर पर आहे की नाही, हे मागोमाग उलगडत जातं.

पहिली वाटणी सोपी आहे. काही देवमाशांना दात असतात आणि डोक्यावर एकच नाकपुडी असते. बाकीच्यांना दात नसतात, नाकपुड्या दोन असतात आणि वरच्या जबड्यातून बॅलीनच्या पट्ट्या लोंबत असतात. बॅलीन म्हणजे आपली नखं ज्या केराटिनची बनतात त्याचंच. पट्टीची आतली कड झिजून तिचे केस सुटतात, शेजारच्या पट्ट्यांचे केस त्यांत गुंततात आणि एक दाट चाळण तयार होते. तोंडात घेतलेलं पाणी या चाळणीतून बाहेर जातं, खाणं आत राहतं. बॅलीनवाल्यांचा सगळा संसार या एका युक्तीवर चालतो, पण ती वापरण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत आणि त्यांची शरीरंही त्या त्या तऱ्हेने घडत गेली आहेत.

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये शिरलं की डोक्यावर निळ्या देवमाशाच्या मादीचा सांगाडा टांगलेला दिसतो. तिला होप म्हणतात. १८९१ साली ती आयर्लंडमधल्या वेक्सफर्डच्या किनाऱ्याला लागली, पुढे बरीच वर्षं संग्रहालयाच्या दुसऱ्या दालनात टांगलेली होती आणि २०१७ मध्ये तिला मुख्य दालनात आणलं. लांबी २५.२ मीटर. खाली उभं राहून पाहिलं तर नजर त्या लांबीवरच फिरत राहते. मी जिना चढून वरच्या सज्जात गेले, तेव्हा तिचं तोंड समोर आलं. भक्ष्यावर झेप घेतानाच्या पवित्र्यात तिला मांडलं आहे, जबडा सताड उघडा. खालच्या जबड्याची दोन हाडं बाहेरच्या बाजूला वाकत पुढे येतात आणि हनुवटीपाशी एकमेकांना टेकत नाहीत. मधे सरळ फट आहे. आपल्या हनुवटीत ही दोन हाडं लहानपणीच जुळून एक होतात. निळ्या देवमाशात ती जन्मभर सुटी राहतात, मधे फक्त तंतुमय कूर्चेचा जोड असतो. त्या फटीसमोर मी बराच वेळ उभी होते. एवढ्या अवाढव्य जनावराचं पोट भरण्याचं गमक त्या मोकळ्या जागेत आहे.

निळा देवमासा आणि त्याचे जवळचे नातलग, म्हणजे फिन, सेई, ब्रायडीज, मिंकी आणि हंपबॅक, खाण्यावर अक्षरशः झडप घालतात. वेग घ्यायचा, क्रिलच्या थव्यापाशी येऊन जबडा उघडायचा आणि पाणी आत भरू द्यायचं. क्रिल म्हणजे आपल्या जवळ्यासारखाच, बोटाच्या पेराएवढा जीव. गळ्यापासून बेंबीपर्यंत ज्या लांब घड्या दिसतात त्या अशा वेळी उलगडतात, जीभ आत उलटी होऊन पिशवीचाच भाग बनते आणि जबड्याची ती दोन सुटी हाडं बाहेर फाकतात. फिन व्हेल सहाएक सेकंदांत साठ-सत्तर हजार लिटर पाणी तोंडात घेतो, स्वतःच्या वजनाइतकं किंवा त्याहून जास्त. या ताणात तिथल्या नसा तुटत कशा नाहीत, याचं उत्तर २०१५ मध्ये मिळालं. गळ्याच्या पिशवीतल्या नसा दुमडून ठेवलेल्या असतात आणि लांबी दुपटीहून अधिक झाली तरी शाबूत राहतात. त्याआधी २०१२ मध्ये निकोलस पायनसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हनुवटीच्या त्या फटीत एक आजवर न दिसलेलं ज्ञानेंद्रिय सापडलं होतं. जबडे किती फाकले, पिशवी किती भरली, याची वार्ता ते मेंदूला देतं. देवमाशांची शेकडो वर्षं शिकार झाली, विसाव्या शतकात तर लाखोंनी कापले गेले, आणि हनुवटीतलं हे इंद्रिय इतक्या उशिरा कुणाच्या लक्षात आलं! तेल मोजणाऱ्यांना जबड्याच्या टोकात काय आहे याच्याशी घेणंदेणं नव्हतं.

पाण्याने भरलेलं तोंड घेऊन पुढे जाणं फार महाग पडतं. झडप घातली की सारा वेग संपतो, पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून अंग निमुळतं, लांब, पाणी कापणारं हवं. फिन व्हेल इतका सडपातळ असतो तो यामुळे. निळ्या देवमाशाचं हृदयही याच हिशेबात चालतं. २०१९ मध्ये प्रथमच एका जिवंत निळ्या देवमाशाच्या हृदयाचे ठोके मोजता आले. खोल बुडी मारताना मिनिटाला दोन इतके कमी, वर येऊन श्वास भरताना तीसच्या पुढे. खाण्याच्या मोसमात कॅलिफोर्नियाजवळचा निळा देवमासा दिवसाला सुमारे १६ टन क्रिल खातो, असं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं.

याच कुळात ओळखीच्या खुणा सगळ्यांत सुंदर आहेत. फिन व्हेलचा खालचा जबडा उजवीकडून पांढरा आणि डावीकडून काळपट असतो. उजव्या बाजूचं पुढचं बॅलीनही फिकट. सस्तन प्राण्यांत असा डाव्या-उजव्याचा भेद क्वचितच दिसतो, आणि इथे तो सगळ्या जातीचा शिक्का आहे. मिंकीच्या परांवर पांढरा पट्टा असतो. सेईच्या बॅलीनचे केस इतके बारीक असतात, की तो झडपेबरोबर नुसतं तोंड उघडं ठेवून पाणी गाळतही जातो. आणि ब्रायडीज व्हेलच्या डोक्यावर टोकापासून नाकपुड्यांपर्यंत तीन कणे, म्हणजे उभे उंचवटे, असतात. बाकीच्यांना मधला एकच.

हे तीन कणे मुंबईकरांच्या अगदी दारात आले होते. २०१६ च्या जानेवारीत जुहूच्या वाळूवर एक मेलेला ब्रायडीज व्हेल लागला. बघायला मीही गेले होते. वास आधी आला, मग माणसांची भिंत. जो तो पाठमोरा उभा राहून स्वतःसकट फोटो काढत होता. कातडी सोलवटलेली, कुजल्यामुळे आत भरलेल्या हवेने गळ्याची पिशवी टम्म फुगलेली, तिच्यावरच्या घड्या ताणून सपाट झालेल्या. त्या गळ्याकडे बोट दाखवून एक आजी शेजारच्या मुलाला म्हणाल्या, "पोट बघ केवढं!" ते पोट नाही, तोंड आहे, हे त्या दोघांना सांगितल्यावर मुलाने विचारलं, "मग आम्ही मावू का यात?" मावशील, पण गिळता येणार नाही, घसा लहान असतो, एवढं सांगितलं. त्यानंतर ते पोर आजीचा हात सोडून जबड्याभोवती फिरत राहिलं.

झडपेच्या नेमकं उलट वागणारं एक कुळ आहे, राईट व्हेल आणि बोहेड यांचं. यांना घाई नाही. तोंड उघडं ठेवून संथ पोहत राहायचं, पाणी समोरून आत, बाजूंनी बाहेर. खाणं म्हणजे तांदळाच्या दाण्याहून बारीक जीव, म्हणून चाळणही तशीच बारीक आणि प्रचंड लांब. बोहेडच्या बॅलीनची पट्टी ४ मीटरपर्यंत जाते. निळ्या देवमाशाची जेमतेम मीटरभर. एवढ्या लांब पट्ट्या सामावायच्या तर वरचा जबडा कमानीसारखा वाकायला हवा, डोकं शरीराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं व्हायला हवं, आणि झालं आहेच. गळ्यावर घडी एकही नाही, फुगायचंच नाही तर कशाला हवी! पाठीवर परही नाही, आणि आर्क्टिकच्या बर्फाखाली वावरणाऱ्या बोहेडला तर तो आडवाच आला असता. तो डोक्याने बर्फ फोडून श्वास घेतो, आणि त्याच्या अंगावरचा चरबीचा थर जागोजागी अर्ध्या मीटरच्या जवळपास पोचतो.

संथपणाचं आणखी एक रूप बोहेडमध्ये दिसतं, ते म्हणजे आयुष्य. २००७ मध्ये अलास्काजवळ तिथल्या स्थानिकांनी पारंपरिक शिकारीत मिळवलेल्या एका बोहेडच्या अंगात जुन्या स्फोटक भाल्याचं टोक रुतलेलं सापडलं. तशा बनावटीचं पेटंट १८७९ चं होतं. म्हणजे टिळकांनी 'केसरी' काढला त्या सुमाराला कुणीतरी या प्राण्यावर वार केला होता आणि तो जखम घेऊन शंभराहून अधिक वर्षं जगला. डोळ्याच्या भिंगातल्या रसायनावरून काढलेल्या अंदाजात एका नराचं वय दोनशेच्या पुढे गेलं आहे. त्याचा सख्खा चुलत, उत्तर अटलांटिकमधला राईट व्हेल, आज चारशेही उरलेला नाही. संथ पोहणारा, किनाऱ्याजवळ राहणारा, मेल्यावर तरंगणारा. पूर्वी शिकाऱ्यांना सोयीचा होता, आता जहाजांच्या धडकेत आणि खेकडे-लॉबस्टरच्या सापळ्यांच्या दोऱ्यांत सापडतो. त्याच्या डोक्यावर कातडीचे खरखरीत चट्टे असतात आणि प्रत्येकाची ठेवण निराळी असते. अभ्यासक त्यांवरून एकेकाला ओळखतात, म्हणून कुठला गेला हेही कळतं.

ग्रे व्हेलचं निराळंच. तो तळाशी जातो, कुशीवर वळतो आणि चिखल तोंडात ओढून त्यातले किडेझिंगे गाळतो. बॅलीन आखूड, जाड, राठ. बहुतेक जण उजव्या कुशीवर वळतात, म्हणून त्या बाजूचं बॅलीन जास्त झिजलेलं सापडतं.

आता दातवाल्यांकडे. इथे एक चमत्कारिक गोष्ट आहे. दात आहेत, पण अनेकांना खाण्यासाठी त्यांची गरज फारशी नाही. स्पर्म व्हेलच्या खालच्या अरुंद जबड्यात सुळकेच सुळके दिसतात, वरचे दात सहसा हिरडीबाहेरही येत नाहीत. जुन्या शिकाऱ्यांना जबडा मोडलेले स्पर्म व्हेलही चांगले धष्टपुष्ट सापडत. हा प्राणी शिकार करतो नाकाने. शरीराच्या तिसऱ्या भागाएवढं त्याचं ते चौकोनी डोकं म्हणजे मुख्यतः नाक. बाहेर नाकपुडी एकच, पण आत नळ्या दोन. त्यांतली डावी श्वासासाठी राहिली, म्हणून त्याचा फवारा पुढे आणि डावीकडे तिरका उडतो. मैलभरावरून जात ओळखावी तर यावरून. उजवीचं आवाजाचं यंत्र झालं. तिच्या टोकाशी उमटलेला टकटक आवाज तेलाने भरलेल्या कप्प्यांतून मागे जातो, कवटीवर आपटून पुढे येतो आणि एकवटून अंधारात फेकला जातो. प्राणिसृष्टीतला हा सर्वांत मोठा आवाज. हजार मीटरखाली, जिथे प्रकाशाचा मागमूस नाही, तिथे परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून त्याला माकूळ (स्क्विड) सापडतं. मेंदू पावणेआठ किलोच्या आसपास, पृथ्वीवर सर्वांत मोठा. नर सोळा-सतरा मीटर, मादी अकरा. वजनात तर नर तिच्या दुपटी-तिपटीचा. माद्या पिल्लांसह उष्ण समुद्रांत एकत्र राहतात, नर मोठा झाला की ध्रुवाकडच्या थंड पाण्यात निघून जातो.

माकुळाच्या चोची या देवमाशाला पचत नाहीत. त्यांच्याभोवती आतड्यात क्वचित एक मेणचट गोळा जमतो. तोच अंबर, ज्याला आपल्याकडच्या बातम्या देवमाशाची उलटी म्हणतात. कोकणात आणि मुंबईत त्याच्या तस्करीत माणसं पकडली गेल्याच्या बातम्या वरचेवर येतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो बाळगणं आणि विकणं गुन्हा आहे. मला त्या बातम्यांत कोटींचा आकडा सोडून आणखी काही वाचायला आवडेल. तो गोळा एका अशा प्राण्याच्या पोटातून आला आहे ज्याला किनाऱ्यावरच्या माणसांनी जवळपास कधी पाहिलेलं नाही.

चोचवाले देवमासे याहूनही कमी दिसतात. २०१४ मध्ये क्युव्हियरच्या चोचवाल्या देवमाशाची २,९९२ मीटर खोल बुडी नोंदली गेली, २०२० मध्ये त्याच जातीच्या एकाची २२२ मिनिटांची. पाण्याची ओढ टाळायला त्याचे छोटे पर अंगावरच्या खोबणींत चपखल बसतात. माकूळ तो तोंडात शोषून घेतो, चावत नाही. दात फक्त नरांना, दोनच, आणि ते आपापसांत लढण्यासाठी. दक्षिण समुद्रांतल्या स्ट्रॅप-टूथ्ड जातीत तर नराचे हे दोन दात खालून उगवून वरच्या जबड्यावर वळतात आणि तोंड बांधल्यासारखं करतात. जबडा काही सेंटिमीटरच उघडतो, तरीही तो उपाशी मरत नाही. नारव्हाल या आर्क्टिकमधल्या देवमाशाचं शिंग हाही दातच आहे, डाव्या बाजूचा, ओठातून आरपार निघालेला, पीळ पडलेला.

ओर्काकडे, म्हणजे किलर व्हेलकडे, पाहिलं की माझं तोंडाचं हे सूत्र आणखी पक्कं होतं. उत्तर पॅसिफिकमध्ये एकाच पाण्यात दोन तऱ्हेचे ओर्का राहतात. एक फक्त मासे खातात, मुख्यतः सामन. दुसरे सील आणि पॉरपॉइज मारतात. दोघांची भाषा वेगळी, पाठीवरच्या पराचं टोक वेगळं, आणि ते आपसात जोडी करत नाहीत. २०२४ मध्ये काही शास्त्रज्ञांनी या दोन स्वतंत्र जाती मानाव्यात असं सुचवलं. खोल समुद्रातला तिसरा गट शार्क खातो. शार्कची कातडी कानशीसारखी खरखरीत, त्यामुळे त्यांचे दात हिरडीपर्यंत झिजलेले असतात.

हे सगळे वेगवेगळे जीव एकाच घरातून निघाले, आणि ते घर आपल्याकडचं आहे. भूगर्भशास्त्रज्ञ ए. रंगाराव यांनी जम्मूतल्या कालाकोटजवळचे दगड गोळा करून ठेवले होते. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्नीने ते जीवाश्मांचे अभ्यासक हान्स थेविसन यांच्याकडे सोपवले आणि दगड फोडताना आत कवट्या सापडल्या. २००७ मध्ये जाहीर झालेला हा इंडोहायस, सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा, खुरांचा, आपल्या सह्याद्रीतल्या पिसोरीच्या बांध्याचा. त्याच्या कानाच्या हाडाची एक कड विलक्षण जाड आहे, आणि तशी जाड कड एरवी फक्त देवमाशांतच दिसते. पुढच्या काळातल्या देवमाशांचे अवशेष कच्छमध्ये मिळाले. त्यांतल्या एकाचं नावच कच्छिसीटस. देवमाशाची शेपूट खाली-वर हलते, माशासारखी आजूबाजूला हलत नाही, कारण चौखूर धावणाऱ्या पूर्वजाचा कणा तसाच हलत होता. परांच्या आत बोटं आहेत. राईट व्हेलला पाच, होपच्या कुळात चार.

या कुळातला हंपबॅक मी मुद्दाम मागे ठेवला. त्याचे पर शरीराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे लांब, कडेला गाठी, म्हणून तो एवढ्या देहाने गिरक्या घेऊ शकतो. जगभरचे हंपबॅक थंड पाण्यात खातात आणि उबदार पाण्यात विणीसाठी येतात. अरबी समुद्रातले तो सोडून कुठेच जात नाहीत. नैऋत्य मोसमी वारे ओमानपाशी खालचं थंड, सकस पाणी वर आणतात, आणि त्यावर त्यांचं इथेच भागतं. जनुकांवरून पाहता ते बाकीच्यांपासून सुमारे ७०,००० वर्षं तुटलेले आहेत. सोव्हिएत जहाजांनी १९६५-६६ मध्ये यांतले २४२ मारले. ओमानच्या किनाऱ्यावर आज शंभरही नसावेत असा अंदाज आहे. लुबान नावाची एक मादी, उपग्रहाचा टॅग लावलेली, २०१७ च्या अखेरीस ओमानहून निघून अरबी समुद्र ओलांडत भारताच्या नैऋत्य किनाऱ्याला आली आणि परत गेली. आपल्या पावसावर जगणारा हा देवमासा मराठी मुलांच्या पाठ्यपुस्तकात असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

सिंधुदुर्गात २०१५ मध्ये कुणकेश्वरच्या समुद्रात कोकण सीटेशियन रिसर्च टीमला निळा देवमासा पिल्लासह जिवंत दिसला. त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याला एक लागला आणि मेला. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गणपतीपुळ्याला अडकलेल्या पिल्लासाठी गावकरी, वनखातं आणि अभ्यासक दोन दिवस झटले. समुद्रात सोडल्यावर ते पुन्हा किनाऱ्याला आलं आणि वाचलं नाही. हे होत राहणार. म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी थोडं लिहून ठेवते. जनावर जिवंत असेल तर १९२६ वर वनखात्याला कळवा, अंग ओलं ठेवा, पण नाकपुडीत पाणी जाऊ देऊ नका, शेपटीला दोर बांधून ओढू नका, गर्दी लांब ठेवा. मेलेलं असेल तर फोटो घ्या, पण शेजारी उभं राहून नव्हे. डोक्याचा वरून एक, कणा एक की तीन ते दिसेल असा. जबड्याचा उजवा आणि डावा, दोन्ही. गळ्याच्या घड्या बेंबीपर्यंत पोचतात की आधीच थांबतात ते दिसेल असा एक. पाठीवरच्या पराचा आणि तोंडातल्या बॅलीनचा एकेक, शेजारी पट्टी किंवा चप्पल ठेवून. ओमुराचा व्हेल नावाची जात जगाला कळली २००३ मध्ये. त्याआधी तिला लहान ब्रायडीज समजलं जात होतं. तिचाही उजवा जबडा फिकट असतो, आणि तो फरक फक्त ताज्या कातडीवर दिसतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उन्हाने सगळं काळं पडतं, तेव्हा फोटो पहिल्याच दिवशी काढायला हवेत.